मोठ्या चाकांच्या मोटारीतील टायरचा दाब
टायरचा दाब म्हणजे टायरमध्ये भरलेल्या हवेचा बाहेरील वातावरणाच्या तुलनेत असलेला जादा दाब होय. तो किलोपास्कल किंवा पीएसआय या एककांत मोजतात. १ पीएसआय म्हणजे सुमारे ६.९ किलोपास्कल. मोटारीचे वजन प्रामुख्याने रबर नव्हे, तर ही कोंडलेली हवा पेलते. त्यामुळे मूळ चाकांच्या जागी मोठ्या व्यासाच्या रिम आणि कमी उंचीचे टायर बसवल्यास योग्य दाब नव्याने ठरवावा लागतो.

आकारमान आणि हवेचे घनफळ
टायरवरील १९५/६५ आर १५ अशा खुणेत १९५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, 'आर' म्हणजे रेडियल रचना आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. या टायरचा बाहेरील व्यास सुमारे ६३५ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २१५/४५ आर १७ टायर बसवल्यास व्यास सुमारे ६२५ मिलिमीटर होतो, म्हणजे फरक दोन टक्क्यांहून कमी असतो. मात्र बाजूच्या भिंतीची उंची सुमारे १२७ मिलिमीटरवरून ९७ मिलिमीटरपर्यंत घटते. रिमने जागा व्यापल्याने भार पेलण्यास उपलब्ध हवा कमी होते. ही उणीव बहुधा जास्त दाबाने भरून काढावी लागते.

भारनिर्देशांक
आकारापुढील अंक हा भारनिर्देशांक असतो. निर्देशांक ९१ असलेला टायर कमाल ६१५ किलोग्रॅम, तर ८७ असलेला ५४५ किलोग्रॅम भार पेलू शकतो. नव्या टायरचा निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा, हा निवडीचा पहिला नियम आहे. तथापि केवळ निर्देशांक जुळणे पुरेसे नसते. युरोपीय मानकांनुसार साध्या टायरची कमाल भारक्षमता २५० किलोपास्कल दाबाला, तर 'एक्सएल' खूण असलेल्या अधिक भारक्षम टायरची २९० किलोपास्कल दाबाला मोजली जाते.

उदाहरणार्थ, एखाद्या मोटारीला १९५/६५ आर १५, निर्देशांक ९१ असे साधे टायर असून शिफारस केलेला दाब २२० किलोपास्कल (३२ पीएसआय) आहे. या दाबाला प्रत्येक टायर सुमारे ५५५ किलोग्रॅम भार पेलतो. २१५/४५ आर १७, निर्देशांक ९१, एक्सएल हे टायर बसवून दाब तोच ठेवल्यास प्रत्येकाची क्षमता सुमारे ४९० किलोग्रॅमवर येते. चारही टायरांची मिळून घट सुमारे २५० किलोग्रॅम होते. एवढे वजन तीन-चार प्रवाशांचे असते. मूळ क्षमता राखण्यासाठी दाब २९०/२५० या प्रमाणात वाढवावा लागतो, म्हणजे सुमारे २५५ किलोपास्कल (३७ पीएसआय) ठेवावा लागतो.

टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब ही त्या टायरची मर्यादा असते, मोटारीसाठीची शिफारस नसते. शिफारस चालकाच्या दाराजवळील पट्टीवर, इंधनाच्या झाकणामागे किंवा वाहनपुस्तिकेत दिलेली असते.

कमी-अधिक दाबाचे परिणाम
दाब कमी असल्यास टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतो. त्यातून उष्णता निर्माण होते, थर सुटू लागतात आणि वेगात टायर फुटू शकतो. दोन्ही कडा लवकर झिजतात, इंधनही जास्त लागते. कमी उंचीचा टायर खड्ड्यात आदळल्यास रिमची कड वाकण्याचा धोका वाढतो. दाब अति झाल्यास मधला भाग झिजतो, रस्त्याशी संपर्क घटतो आणि हादरे जास्त बसतात.

नाशिक परिसर
नाशिक हे वाहन व टायर उद्योगाचे केंद्र असून सातपूर औद्योगिक वसाहतीत महिंद्रा आणि सीएट यांचे कारखाने आहेत. नाशिकमध्ये तयार होणारी व २०२० मध्ये बाजारात आलेली महिंद्रा थार २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशा दोन आकारांच्या टायरांसह उपलब्ध झाली. एकाच मोटारीला कारखान्यातूनच दोन आकार मिळत असतील, तेव्हा त्या-त्या आकारासाठी दिलेला दाब पाळणे हा सर्वांत विश्वसनीय मार्ग ठरतो.

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर व इगतपुरी तालुक्यांतून ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग जातो. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर सलग वेगाने धावताना कमी दाबाचे टायर विशेष धोकादायक ठरतात.

तापमानात सुमारे ५.५ अंश सेल्सिअसचा बदल झाला की दाब अंदाजे १ पीएसआयने बदलतो. म्हणून निफाडच्या कडाक्याच्या थंडीत पहाटेचा दाब दुपारपेक्षा कमी दिसतो. उंचीचाही परिणाम होतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तापमान समान असल्यास येथे ३३ पीएसआय दाखवणारा टायर कसारा घाट उतरून मुंबईत सुमारे ३२ पीएसआय दाखवतो.

मापन
दाब टायर थंड असताना, म्हणजे मोटार किमान तीन तास उभी राहिल्यानंतर मोजतात. प्रवासात तापलेल्या टायरमधील वाढलेला दाब कमी करण्यासाठी हवा सोडू नये, कारण थंड झाल्यावर तो शिफारशीखाली जातो. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी स्टेपनीसह सर्व टायर तपासणे योग्य मानले जाते. स्टेपनी मूळ आकाराची असल्यास तिचा दाब मूळ शिफारशीनुसार ठेवतात.