जुन्या पर्यटन मोटारसायकलचे पुनरुज्जीवन

दीर्घकाळ वापराविना पडून राहिलेली लांब पल्ल्याची मोटारसायकल विकत घेऊन ती पुन्हा प्रवासयोग्य करणे, यास जुन्या पर्यटन मोटारसायकलचे पुनरुज्जीवन म्हणतात. छत्रपती संभाजीनगरचा दुचाकी उद्योगाशी निकटचा संबंध आहे. शहरालगतच्या वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून सुरू आहे. याच कंपनीची अव्हेंजर (२००५) ही आधीच्या एलिमिनेटर (२००१) या गाडीवर बेतलेली असून तिची २२० सीसीची आवृत्ती २०१० मध्ये आली. बुटकी बैठक आणि लांब चाकांतर यांमुळे अशी गाडी दूरच्या प्रवासास सोयीची ठरते.

कागदपत्रे

गंजलेल्या इंजिनापेक्षा अपुरी कागदपत्रे अधिक महागात पडतात. इंजिन व चेसिस क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा नोंदलेला असल्यास तो आधी उतरवून घ्यावा. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार खरेदीदाराने ३० दिवसांत अर्ज करावयाचा असतो. ही केवळ औपचारिकता नव्हे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (२०१८) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक ठरतो, असा निर्णय दिला. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, तरी दायित्व नोंद असलेल्या पहिल्या मालकावरच आले. म्हणजे नाव न बदलता गाडी देणाऱ्याचा धोका घेणाऱ्याहून मोठा असतो.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. २०१० ची गाडी आज घेणाऱ्यास नूतनीकरण, त्यासाठीची तपासणी आणि महाराष्ट्रातील पर्यावरण कर यांचा खर्च किमतीत धरावा लागतो.

यांत्रिक काम

पडून असलेली गाडी थेट किक किंवा स्टार्टर मारून सुरू करणे घातक असते. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडावे आणि वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवावे. पिस्टन अडकला असेल तर ते येथेच कळते. सुटा फिरला तर जुने ऑइल व फिल्टर बदलूनच पुढे जावे.

टाकीतील पेट्रोल काढून टाकावे. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म जेटमध्ये बसतो, तर इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषून टाकीला आतून गंज चढवते. टाकी स्वच्छ न करता नुसता कार्ब्युरेटर धुणे व्यर्थ होय. तो पुन्हा तुंबतो. ब्रेक फ्लुइडही ओलावा शोषते, म्हणून ते पूर्ण बदलावे. टायरच्या बाजूवरील चार अंकी संकेतात निर्मितीचा आठवडा व वर्ष असते. नक्षी शाबूत दिसली तरी भेगा पडलेले जुने रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडते. बॅटरी, चेन-स्प्रॉकेट आणि फोर्कची सीले ही नेहमीची बदलाची यादी होय. रंग व क्रोम यांचा विचार सर्वांत शेवटी करावा, मात्र उत्साहाच्या भरात अनेकदा उलटेच घडते.

चाचणी

पहिली फेरी शहरातच, मदत मिळेल इतक्या अंतरावर असावी. त्यानंतर वेरूळपर्यंतचा सुमारे ३० किलोमीटरचा मार्ग सोयीचा आहे. दौलताबादच्या पुढील चढावर इंजिनची ताकद व तापणे दोन्ही कळतात. परतल्यावर ऑइलची गळती, चेनचा ताण आणि ढिले झालेले नट-बोल्ट तपासावेत. कन्नडजवळचा औट्रम घाट ब्रेकची खरी परीक्षा घेतो. उतारावर लिव्हर मऊ पडत असेल तर फ्लुइडमध्ये हवा किंवा ओलावा शिल्लक असल्याची शक्यता असते आणि ते काम पुन्हा करावे लागते.