खर्जाची मुकी तार

नेरे (ता. मुळशी) येथे भजनाचा तंबोरा ध्वनिवर्धकाला जोडायचा आहे, असे समजू. गिटारचा चुंबकीय पिकअप तारांखाली धरला तर जोडाच्या पोलादी तारा ऐकू येतील, खर्जाची पितळी तार मात्र मुकीच! पोलाद हलले की चुंबकक्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते (फॅरेडे, १८३१). पितळ चुंबकाच्या खिजगणतीत नसते. पिझो चकती (क्यूरी बंधू, १८८०) घोडीजवळ तबलीवर चिकटवली, तर तिला सगळ्या तारा सारख्याच. अर्थात बोटांची खरखर आणि कर्ण्यातून परतणारा आवाजही ती उचलते. शिवाय माइकच्या जागी थेट जोडली, तर नेमका खर्जच दुबळा होतो, कारण कमी वारंवारतेला तिचा अंतर्गत संरोध फार वाढतो. मध्ये प्रीअँप हवाच. वर्गात करून पाहायला जुन्या गाणाऱ्या शुभेच्छापत्रातली चकतीही चालेल.