प्रवेशबंदीतील सूट : कोणाचा त्रास मोजला जातो?

परकीय व्यक्तीला देशात प्रवेश नाकारण्याची कारणे प्रत्येक राष्ट्राचा कायदा सांगतो. अशा कारणाने अपात्र ठरलेल्या व्यक्तीला काही अटींवर वाट मोकळी करून देणारी तरतूद म्हणजे ‘सूट’. तिला ‘माफी’ म्हणण्याचा मोह आवरावा. माफीत दोष पुसला जातो. सूट देताना दोषाची नोंद तशीच राहते, त्याचा परिणाम तेवढा बाजूला ठेवला जातो. अमेरिकेच्या कायद्यातील एका तरतुदीवरून ही संकल्पना आपण समजून घेऊ.

1996 साली अमेरिकी काँग्रेसने स्थलांतरविषयक कायदा कठोर केला. त्यानुसार परवानगीविना 180 दिवसांहून अधिक परंतु एक वर्षाहून कमी काळ राहून स्वतःहून देश सोडणाऱ्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष वा अधिक काळ राहिलेल्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. येथील बारकावा ध्यानात घ्या : ही बंदी देश सोडल्यावर लागू होते.

समजा, मेक्सिकोतील एक तरुण सीमेवरील तपासणी टाळून अमेरिकेत आला, आठ वर्षे राबला आणि अमेरिकी नागरिक असलेल्या स्त्रीशी त्याने विवाह केला. विवाहामुळे त्याला कायम वास्तव्याचा व्हिसा मागता येतो. परंतु तपासणीविना आल्यामुळे त्याला सहसा मुलाखतीसाठी सिउदाद ह्वारेझ येथील अमेरिकी वाणिज्य दूतावासात जावे लागते. आणि सीमा ओलांडताच दहा वर्षांची बंदी लागते. (व्हिसावर रीतसर येऊन मुदत उलटल्यावरही राहिलेला नागरिकाचा जोडीदार सामान्यतः देशातच अर्ज करू शकतो. व्हिसा घेऊन विमानाने जाणाऱ्या भारतीयांपुढे म्हणूनच हा पेच तुलनेने कमी येतो.)

या बंदीतून सूट हवी असल्यास अर्जदाराने स्वतःचे हाल सांगून भागत नाही. नागरिक वा कायम रहिवासी असलेल्या आपल्या पतीला, पत्नीला, आईला किंवा वडिलांना ‘पराकोटीचा त्रास’ होईल, हे त्याला सिद्ध करावे लागते. या यादीत मुले नाहीत. ही गोष्ट वाचताना खटकते, आणि ती खटकावी अशीच आहे. आजारी मुलाचा उल्लेख करायचा, तर त्या आजारपणाचा भार त्याच्या आईवर कसा पडेल, या आडवाटेने करावा लागतो. शिवाय ‘पराकोटीचा’ म्हणजे किती, याची व्याख्या कायद्यात नाही. ताटातुटीचे दुःख प्रत्येक कुटुंबाला होतेच, म्हणून तेवढे पुरेसे मानत नाहीत. मग वैद्यकीय अहवाल, घरकर्जाचे हप्ते, वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा, परदेशी जावे लागल्यास तेथील भाषेची अडचण अशा पुराव्यांची चळत रचली जाते. एकेक बाब अपुरी असली, तरी सर्वांचा एकत्रित विचार होतो. त्रास सिद्ध झाल्यावरही सूट देणे न देणे अधिकाऱ्याच्या विवेकावर असते.

पूर्वी हा अर्ज देश सोडल्यावरच करता येई आणि निर्णयापर्यंत कुटुंब दुभंगलेले राही. मार्च 2013 पासून नागरिकांच्या निकटच्या नातेवाइकांना निघण्यापूर्वीच सशर्त सूट मागता येऊ लागली. ऑगस्ट 2016 मध्ये तिची कक्षा वाढून कायम रहिवाशांच्या कुटुंबीयांनाही ती खुली झाली. मात्र मुलाखतीत अपात्रतेचे दुसरे कारण निघाल्यास ही मंजुरी आपोआप रद्द होते आणि अर्जदार सीमेपलीकडे अडकतो. तेथून चोरवाटेने परतणे सर्वांत घातक. एकूण एक वर्षाहून अधिक बेकायदा वास्तव्यानंतर असा पुनःप्रवेश केल्यास कायमची बंदी लागते. आणि देशाबाहेर दहा वर्षे काढल्याखेरीज परतीची परवानगीही सहसा मागता येत नाही.