यंत्रवेड्या आई-बाबांना काय द्याल?

दिवाळी जवळ आली, की माहेरी काय न्यायचं हा प्रश्न प्रत्येकीपुढे उभा राहतो. शाल झाली, स्वेटर झाला, चांदीचं फुलपात्रही देऊन झालं. "कायले एवढे पैसे घातले वं बाई!" असं म्हणत आई ते कपाटात ठेवून देते आणि बाबा पुन्हा आपल्या जुन्या रेडिओचं झाकण उघडून बसतात. अशा यंत्रवेड्या आई-बाबांसाठी निवड करताना एकच गोष्ट ध्यानात ठेवा : भेट त्यांच्या हौसेसाठी हवी, आपल्या काळजीसाठी नको.

आपण मुली-सुना काय करतो? रक्तदाब मोजायचं यंत्र नेतो, पडल्यास आपल्याला कळवणारं घड्याळ नेतो, दारावर कॅमेरा बसवतो. या वस्तू घरात जरूर असाव्यात. पण ती झाली औषधपाण्याची खरेदी. ज्या माणसाने जन्मभर यंत्रं खोलण्यात आनंद मानला, त्याच्या हाती फक्त पाळत ठेवणारं यंत्र दिलं, तर त्याला काय वाटेल, सांगा बरं!

ही पिढी यंत्राला घाबरणारी नाही. यवतमाळ जिल्ह्यात आज पंचाहत्तरी-ऐंशीत असलेली कितीतरी मंडळी 'शकुंतला' गाडी पाहत वाढली. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे ११३ किलोमीटर. त्या अरुंद रुळांवर १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन धावत होतं, आणि ते बनलं होतं मँचेस्टरला, १९२१ साली! घरात रेडिओ ठेवायचा, तर पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागे, तो काळही त्यांनी पाहिला. ही माणसं हिरमुसतात ती एकाच वाक्याने : "बाबा, हात लावू नका, बिघडेल!"

आता निवडीकडे वळू.

ऐकण्याची हौस असेल तर : सेलवरही चालणारा चांगला रेडिओ द्या, म्हणजे लाइन गेली तरी तो बंद पडणार नाही. बटणं मोठी, आवाज खणखणीत हवा. १९४८ साली सुरू झालेलं आकाशवाणीचं नागपूर केंद्र ज्यांच्या कानात बसलंय, त्यांना ते आता मोबाइलवरही ऐकता येतं, हे आवर्जून दाखवा.

हातांना काम हवं असेल तर : बारीक स्क्रू-ड्रायव्हरांचा संच, मल्टिमीटर, दिवा बसवलेलं भिंग. खर्च बेताचा, पण दुपार कशी जाते कळत नाही. घरातला बिघडलेला मिक्सरही सोबत नेऊन ठेवा. मात्र खोलण्याआधी प्लग काढायचा, हा नियम पक्का!

सहस्रचंद्रदर्शन असेल तर : ८० वर्षं आणि सुमारे १० महिने झाले, की आयुष्यात हजार पौर्णिमा होतात. त्या मुहूर्तावर दुर्बीण देण्यासारखी दुसरी भेट नाही. १० बाय ५०ची दुर्बीण घेतलीत, तर चंद्रावरची विवरं आणि गुरूचे चार चंद्र दिसतात. ती पाऊण किलोच्या आसपास भरते आणि वयात हात कापतो, म्हणून स्टँड बरोबरच घ्या. सूर्याकडे चुकूनही रोखायची नाही, हे नातवंडांनाही बजावा.

आणि आईचं काय? यंत्राची हौस म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे बाबाच येतात. पण शिलाई मशीनला तेल घालणारी, कुकरचा वॉल्व्ह बदलणारी, मिक्सरच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी कोण होती? तिच्या वाट्याला नातवाने टाकलेला, काच तडकलेला फोन येतो. तिला नवा फोन द्या. सिमकार्ड तिच्या नावाचं, पासवर्ड तिनेच ठरवलेला. भाषा मराठी करा, अक्षरं मोठी करा, बोलून लिहिण्याची सोय शिकवा. वाचनाची आवड असेल, तर मराठी विश्वकोश उघडून द्या; तो फुकट वाचता येतो.

ती निवृत्त शिक्षिका असेल, नाहीतर कुटुंब निवृत्तिवेतन घेत असेल, तर या फोनचा आणखी एक मोठा उपयोग आहे. हयातीचा दाखला देण्याची 'जीवन प्रमाण' ही सोय २०१४ साली सुरू झाली आणि २०२१ पासून तो चेहरा दाखवूनही देता येतो. कष्टाने बोटांचे ठसे पुसट झालेल्या बायकांना हे फार सोयीचं. आपल्या कोषागारात किंवा बँकेत तो चालतो ना, एवढं आधी विचारून घ्या. दरवर्षी नोव्हेंबरात कुणाची तरी गाडी निघायची वाट पाहणारी आई घरबसल्या स्वतःचं काम स्वतः करते, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा असतो!

फोनबरोबर दोन गोष्टी वहीत लिहून द्या. 'डिजिटल अटक' असं कायद्यात काही नाही. फोनवर कुणी तसं धमकावलं तर सरळ बंद करायचा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० हा क्रमांक लावायचा.

खरेदीआधी एवढं पाहा : दुरुस्ती कुठे होईल? उमरखेडला नांदेड जवळ, वणीला चंद्रपूर. दर वेळी नागपूरची फेरी पडणार असेल, तर ती वस्तू नको. आपल्याकडचा उन्हाळा बॅटरीला सोसत नाही; टिनाच्या छपराखाली किंवा बंद गाडीत फोन ठेवू नये. आणि बिल त्यांच्याच हाती द्या.

शेवटी, वस्तू देऊन लगेच परतीची बस धरू नका. दोन दुपारी शेजारी बसा. बटण त्यांनाच दाबू द्या. चुकलं तर "आण इकडे" म्हणून हातातून घेऊ नका, पुन्हा सांगा. तिसऱ्या दुपारी तेच शेजारणीला शिकवताना दिसतील!