आधी कान, मग अक्षर

मुलगा दुसरीत. मेट्रोत बसला की खापरीपासूनची स्थानके ओळीने म्हणून दाखवतो. गाडी थांबायच्या आधीच ‘बर्डी आली’ म्हणत दाराशी उभा राहतो. पण फलाटावरच्या पाटीवरचे ‘सीताबर्डी’ वाच म्हटले की अडतो. पहिले अक्षर ओळखतो, पुढचे अंदाजाने ठोकून देतो. शाळेतून शेरा येतो, ‘लक्ष देत नाही.’ वडील म्हणतात, ‘दहा वेळा लिही.’ आजी म्हणते, ‘मोठा झाला की येईल.’ आणि एक दिवस मुलगाच म्हणतो, ‘मी ढ आहे.’

असे मूल नागपूरच्या कुठल्याही वस्तीत, कुठल्याही माध्यमाच्या शाळेत भेटते. त्यांतल्या काहींना डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अध्ययन अक्षमता असते.

दोष बुद्धीचा नव्हे

बोलणे मूल ऐकता ऐकता शिकते. वाचनाचे तसे नाही. लिपी माणसाने तयार केलेली आहे, त्यामुळे प्रत्येक मेंदूला ती नव्याने शिकावी लागते. त्यासाठी अक्षराचा आकार, त्याचा आवाज आणि शब्दाचा अर्थ यांची सांगड बसावी लागते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला शब्दातले सुटे आवाज वेगळे करणे आणि ते अक्षराशी जोडणे जड जाते. अडचण मुख्यतः इथे असते. डोळे किंवा बुद्धी कमी असते म्हणून हे होत नाही.

इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा एका १४ वर्षांच्या मुलाची नोंद केली. तो हुशार होता, गणितात बरा होता, पण साधे शब्द त्याला वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

डिस्लेक्सिया अनेकदा घराण्यात चालत येतो. आई, वडील, काका किंवा मामा यांना लहानपणी वाचन जड गेले असेल, तर मुलाकडे लवकर लक्ष द्यावे. उलटी अक्षरे काढणे पाच-सहा वर्षांच्या बऱ्याच मुलांत दिसते, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. पण पहिली संपताना अक्षरे पक्की नसणे, यमक न कळणे, काल वाचलेला शब्द आज अनोळखी वाटणे आणि वाचायची वेळ आली की पोट दुखू लागणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर वाट पाहू नये.

प्रमाणपत्र नंतर, मदत आधी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २१ प्रकारांत झाला. तिचे प्रमाणपत्र केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळते. इथेच पालकांची गफलत होते. प्रमाणपत्र आठव्या वर्षी, म्हणून मदतही तेव्हाच, असे ते समजतात. पहिली-दुसरीची वर्षे अशीच जातात. वर्ग पुढे सरकतो, वाचनातले अंतर वाढते आणि ‘मला येतच नाही’ हे मुलाच्या मनात घट्ट बसते. प्रमाणपत्र परीक्षेतील सवलतींसाठी असते. घरी शिकवायला कुठलाही कागद लागत नाही.

घरी रोज १५ मिनिटे

सुरुवात पुस्तकाने करू नये, कानाने करावी. जेवताना, स्कूटरवर, कुठेही खेळता येते. ‘बटाटा’ म्हणताना तीन टाळ्या वाजवा. ‘विमान’मधून ‘वि’ काढला तर काय उरले? मान. गावांच्या भेंड्या तर उत्तमच: नागपूर, ‘र’वरून रामटेक, ‘क’वरून काटोल, ‘ल’वरून लाखनी. शब्दाचा शेवटचा आवाज पकडण्याचा हा सरावच आहे.

मग अक्षरे. ‘ग म भ न’ या क्रमात सारख्या वळणाची अक्षरे एकत्र येतात. लिहायला ते सोयीचे असते, पण या मुलांना म-भ, घ-ध, ब-व अशा जोड्या गोंधळात टाकतात. एक अक्षर पक्के झाल्यावर काही दिवसांनीच त्याचे जुळे घ्यावे. ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षर काढावे आणि काढतानाच त्याचा आवाज मोठ्याने म्हणावा. नुसते गिरवणे उपयोगाचे नाही.

देवनागरीचे एक बरे असते. अक्षर आणि आवाज यांचे नाते इंग्रजीपेक्षा पुष्कळ सरळ असते. तरी अडचणीच्या जागा आहेत. ‘कि’मध्ये वेलांटी दिसते आधी, उच्चारली जाते नंतर. ‘बर्डी’मध्ये ‘र’ उच्चारला जातो आधी, पण रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. या गोष्टी मूल आपोआप उचलेल असे धरू नये. एकेक नियम वेगळा सांगावा, पुठ्ठ्याचे तुकडे जुळवून दाखवावा. जोडाक्षरे सर्वांत शेवटी.

त्यानंतर सोबतीने वाचन. मूल आणि आई किंवा बाबा एकाच मजकुरावर बोट ठेवून एका सुरात वाचतात. मूल अडले तर चार-पाच सेकंद थांबावे, शब्द सांगावा आणि पुढे जावे. तोच छोटा परिच्छेद तीन-चार दिवस वाचावा, म्हणजे ओघ येतो. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार मोफत मिळतात. रोज रात्री मोठ्यांनी एक गोष्ट वाचूनही दाखवावी. वाचता येत नाही म्हणून मुलाचा शब्दसंग्रह मागे पडू नये.

घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळा इंग्रजी, असे नागपुरात सर्रास असते. मूल ज्या भाषेत सहज बोलते, तिच्यापासून वाचन सुरू करावे. दोन्ही लिप्यांचा मारा एकाच बैठकीत करू नये.

काय टाळावे

दहा-दहा वेळा लिहायला लावणे, भावंडांशी तुलना, पाहुण्यांसमोर वाचायला सांगणे. रंगीत चष्मे, डोळ्यांचे व्यायाम आणि स्मरणशक्तीची सिरप यांनी डिस्लेक्सिया बरा होत नाही. तरीही डोळे आणि कान एकदा तपासून घ्यावेत, कारण कमी दिसणे किंवा कमी ऐकू येणे हे वाचन अडण्याचे वेगळे आणि दूर करता येणारे कारण असू शकते.

कुठे जावे

तीन महिने नियमित सराव करूनही प्रगती दिसली नाही, किंवा मूल शाळेला घाबरू लागले, तर मेडिकल किंवा मेयोच्या बालरोग अथवा मानसोपचार विभागात दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले की त्यांनाही सांगावे. मराठीतून तपासणीचे साधनही आता आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, कन्नड, इंग्रजीसोबत मराठीतही आहे. निदान झाल्यावर विशेष शिक्षकाची मदत आणि पुढे परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक अशा सवलती मिळू शकतात.

घरच्या १५ मिनिटांनी डिस्लेक्सिया नाहीसा होत नाही. वाचनाचा वेग पुढेही थोडा कमी राहू शकतो. पण मूल वाचू लागते. एक वही करावी आणि आज कुठले तीन शब्द आपले आपण वाचले, ते तारखेसह त्यात लिहावे. मूल ‘मला येतच नाही’ म्हणेल, त्या दिवशी ती वही उघडून त्याच्यासमोर ठेवावी.