जुनी जीप, मोठे टायर आणि दंतचक्रांचें गणित

लासूर स्टेशनच्या परिसरांतील काळी जमीन कापसाला आणि कांद्याला जितकी अनुकूल, तितकीच ती पावसाळ्यांत वाहनांना प्रतिकूल. शिवनेच्या खोऱ्यांतील पाणंदींवर मृगाच्या सरी कोसळल्या कीं चिखल चाकांस बिलगतो आणि गाडी जागच्या जागीं रुतून बसते. अशा वेळीं चारही चाकें इंजिनाच्या बळावर फिरवणारी जुनी जीप शेतकऱ्यास मोलाची वाटते. तिला मोठे टायर बसवले कीं तिचें पोट चिखलापासून वर राहील व ती चाकोरींतून सहज बाहेर पडेल, ही कल्पना स्वाभाविक आहे. ती खोटीही नाहीं. परंतु टायर बदलतांना आंसांतील दंतचक्रांचा विचार केला नाहीं, तर उंची मिळते आणि ओढ जाते. असें कां घडतें आणि त्यावर उपाय कोणता, हें समजून घेणें अवघड नाहीं. त्यास फार तर त्रैराशिक पुरे.

इंजिनाचे फेरे गिअरपेटींतून व ट्रान्स्फर केसमधून प्रोपेलर शाफ्टला मिळतात. शाफ्टच्या टोकाशीं पिनियन नांवाचें लहान दंतचक्र असतें. तें क्राऊन नांवाच्या मोठ्या दंतचक्रास फिरवतें, आणि त्याच्या योगें चाक फिरतें. पिनियनला ८ व क्राऊनला ३९ दाते असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्टचे सुमारें ४.८८ फेरे लागतात. क्राऊनला ४३ दाते असतील, तर ५.३८. हा आंकडा जितका मोठा, तितकी ओढ अधिक व वेग कमी.

जीपच्या इतिहासांतच याचें उत्तम उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४५ या काळांत, विलीज कंपनीनें सैन्यासाठीं जी जीप बांधली, तिच्या आंसांत ४.८८ ची जोडी होती. युद्ध संपतांच १९४५ मध्यें त्याच कंपनीनें नागरिकांसाठीं, विशेषतः शेतकऱ्यांसाठीं, दुसरी जीप काढली. इंजिन तेंच, चार सिलिंडरांचें व ६० अश्वशक्तीचें. पण आंसांत जोडी घातली ५.३८ ची. सैनिकाला रस्त्यावर धांवायचें होतें, शेतकऱ्याला नांगर ओढायचा होता. काम बदललें, म्हणून दंतचक्रें बदललीं. पुढें महिंद्रा कंपनीनें मुंबईंत विलीजच्या जीपगाड्या जुळवण्यास आरंभ केला, आणि हें वाहन आपल्या खेड्यापाड्यांत पोंचलें.

आतां मोठ्या टायरचा हिशेब पाहूं. मूळ टायर २८ इंच व्यासाचा आहे आणि त्याजागीं ३१ इंचांचा बसवला, असें समजा. चाकाचा एक फेरा आतां अधिक अंतर कापतो, म्हणजेच ४.८८ च्या जोडीला ३१ नें भागून २८ नें गुणिलें असतां ४.४१ इतकाच परिणाम उरतो. जमिनीवरील ओढ जवळजवळ दशमांशानें घटते. आंस मात्र वर उचलला जातो केवळ दीड इंच. ताशी ६० किलोमीटर वेगानें, टॉप गिअरमध्यें, पूर्वीं इंजिनाचे मिनिटास सुमारें २१८० फेरे होत. ते आतां १९७० वर येतात. सपाट रस्त्यावर हें सुखाचें वाटेल, पण कांद्याच्या गोण्या घेऊन खुलताबादचा चढ चढतांना वारंवार खालचा गिअर घ्यावा लागतो, क्लच झिजतो व तेल अधिक जळतें.

उपाय उलट त्रैराशिकाचा. जुन्या प्रमाणास नव्या व्यासानें गुणावें आणि जुन्या व्यासानें भागावें. ४.८८ गुणिले ३१ भागिले २८ म्हणजे ५.४०. याच्या अगदीं जवळची जोडी ५.३८, ती घातली कीं फेरे पुन्हां २१८० च्या आसपास येतात, आणि वेगदर्शक कांटाही खरें बोलूं लागतो. एरव्हीं कांटा ६० दाखवी, तेव्हां गाडी ६६ नें धांवत असे. परंतु जीपमध्यें आधींच ५.३८ असेल, तर हिशेब ५.९६ वर जातो. कारखान्याच्या वरील दोन्ही जोड्यांच्या तें पलीकडचें आहे. तेथें टायरच थोडा लहान निवडणें शहाणपणाचें.

यास्तव खर्च करण्यापूर्वीं मोजमाप करावें. इतक्या वर्षांत जीप अनेक हातांतून गेलेली असते. तिच्या नांवावरून आंतील जोडी ओळखूं नये. इतर चाकांना उटी लावून एक मागचें चाक उचलावें, गिअर व ट्रान्स्फर केस न्यूट्रल ठेवावे, आणि उचललेलें चाक दोन पूर्ण फेरे फिरवून प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावे. पांचाला किंचित कमी भरले तर ४.८८, सव्वापांचाच्या थोडे पुढें गेले तर ५.३८. टायरचाही छापील आंकडा न घेतां, भरल्या गाडीचें चाक एक फेरा ढकलून जमिनीवरील अंतर मोजावें.

इंजिनाचा स्वभावही पाहावा. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर चांगलें ओढतें, पण पेट्रोल इंजिनाइतकें जलद फिरणें त्यास मानवत नाहीं. डिझेल इंजिनाची जीप मुख्यतः डांबरी रस्त्यावर चालत असेल व तिच्यांत ५.३८ असेल, तर ताशी ८० किलोमीटरला लहान टायरवर ३२०० फेरे होतात, मोठ्यावर २९००. अशा गाडीस मोठा टायर एकटाच पुरे. जोडी बदलण्याचें कारण नाहीं.

एक नियम मात्र अपवाद जाणत नाहीं. पुढच्या व मागच्या आंसांतील प्रमाण समान हवें. एकच आंस बदलून चारही चाकें जोडलीं, तर दोन आंस एकमेकांशीं झगडतात आणि ट्रान्स्फर केस किंवा शाफ्ट मोडतो. म्हणून खर्च नेहमीं दोन जोड्यांचा धरावा. क्राऊन व पिनियन जोडीनेंच घ्यावे, आणि दात्यांना शेंदूर लावून ते कोठें टेकतात हें जाणत्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावें. मोठ्या चाकास थांबवण्यास ब्रेकनाही अधिक बळ लागतें. त्यांची डागडुजी आधीं करावी. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वयें वाहनांतील फेरफारांवर निर्बंध आहेत. त्यासंबंधीं परिवहन कार्यालयांत आधींच विचारणा करावी.

मोठें चाक दिसतें, दाते दिसत नाहींत. म्हणूनच पैसा चाकावर जातो व दोष इंजिनाच्या माथीं येतो. आधीं काम ठरवावें, मग टायर, मग दंतचक्रें. हा क्रम पाळला तर जुनी जीप भर पावसांतही शेतांतला माल बाजारापर्यंत बिनबोभाट आणून पोंचवील.