खाल्लेली साखर, प्यायलेली साखर

दिवाळी आली की वाढलेल्या वजनाचं सगळं खापर फराळाच्या डब्यावर फुटतं. बेसनाचा लाडू, करंजी, शंकरपाळे यांत साखर भरपूर असते, यात शंका नाही. पण फराळ आठ-दहा दिवसांत संपतो. आपली पोटं सुटतात ती वर्षाच्या उरलेल्या दिवसांत, आणि त्या दिवसांतली बरीचशी साखर आपण चावून खातच नाही, पिऊन टाकतो. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण शरीराच्या हिशेबात तो फार मोठा आहे.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले डिमेग्लिओ आणि मॅट्स यांनी २००० साली एक छोटा पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध केला. १५ जणांना रोज ४५० कॅलरी जादा द्यायच्या. चार आठवडे त्या जेलीच्या गोळ्यांतून आणि चार आठवडे गोड सोड्यातून. गोळ्या खाल्ल्या त्या काळात ही माणसं नकळत इतर खाणं तेवढं कमी करत होती. सोडा प्यायले तेव्हा मात्र जेवण जसंच्या तसं राहिलं, सोड्याच्या कॅलरी त्यावर चढल्या आणि वजन वाढलं. गोड पाणी चावावं लागत नाही, जठरातून ते झरकन पुढे सरकतं, आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पुरती पोचत नाही.

पंधरा माणसांचा प्रयोग लहान म्हणून कुणी बाजूला सारेल. त्यांच्यासाठी हॉलंडमधला अभ्यास आहे. अॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी ६४१ शाळकरी मुलांना दीड वर्ष रोज २५० मिलिलिटरचा एक डबा प्यायला दिला. निम्म्या मुलांच्या डब्यात १०४ कॅलरींचं साखरेचं पेय होतं, निम्म्यांच्या डब्यात तशाच चवीचं बिनसाखरेचं. कुणाला काय मिळतंय हे मुलांनाही ठाऊक नव्हतं आणि संशोधकांनाही. २०१२ साली निकाल प्रसिद्ध झाला. बिनसाखरेच्या गटातल्या मुलांचं वजन सरासरी ६.३५ किलो वाढलं, साखरवाल्यांचं ७.३७ किलो. वाढत्या वयात वजन वाढणारच, पण वरचा तो एक किलो रोजच्या एका डब्याचा होता. फरक मोजला तर त्यात चरबीचाही वाटा निघाला.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण साखरेबद्दल भीती पसरवणारंही पुष्कळ लिहिलं जातं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या गटाने २०१३ साली जगभरातले असे प्रयोग एकत्र तपासले. साखर कमी केली की प्रौढांचं वजन सरासरी ०.८ किलोने घटलं, वाढवली की जवळपास तेवढंच वाढलं. पण साखर काढून तेवढ्याच कॅलरींचे दुसरे पिष्टमय पदार्थ दिले, तेव्हा वजनात फरक पडला नाही. म्हणजे वजनापुरतं बोलायचं तर साखर हे काही विष नव्हे. तिचा दोष हा की ती जादा कॅलरी बिनबोभाट पोटात उतरवते. गूळ आणि मधालाही हाच न्याय लागू आहे. गुळाचाही बहुतांश भाग साखरच असतो, त्यामुळे गुळाचा चहा चवीसाठी जरूर प्यावा, वजन उतरवण्यासाठी नव्हे.

वजन ही मात्र अर्धीच गोष्ट आहे, आणि उरलेली अर्धी आपल्या पुण्यात उलगडली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं छायाचित्र छापून आलं. एक केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. प्रत्यक्षात युडकिन यांच्या अंगात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. काटा ‘ठीक आहे’ म्हणतो आणि पोटात चरबी साठत असते, असा आपला देह आहे. साखरेतला निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, त्याची विल्हेवाट मुख्यतः यकृत लावतं, आणि तो फार झाला तर त्याचीच चरबी बनवतं. ‘मी काही जाड नाही, मला काय होतंय’ असं म्हणणाऱ्या काटक माणसानेही म्हणून सावध राहायला हवं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटींवर आणि पोट सुटलेल्यांची सुमारे ३५ कोटी निघाली.

साखरेच्या परिणामाची सुरुवात किती लवकर होते, हे ब्रिटनच्या रेशनिंगने दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात लागू झालेलं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि साखरेचा खप जवळपास दुप्पट झाला. आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला रेशनची साखर आली, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता, असं २०२४ साली ‘सायन्स’मधल्या अभ्यासात दिसलं. गरोदर बाईला प्रेमाने गोडधोड भरवणाऱ्या आणि तान्ह्याच्या दुधात साखर घालणाऱ्या प्रत्येक घराने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं कळायला इतका उशीर का झाला, त्यालाही कारण आहे. १९६७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी हृदयविकाराचं बालंट चरबीवर ठेवणारा आणि साखरेवरचा संशय सौम्य करणारा आढावा एका मान्यवर नियतकालिकात लिहिला. त्यासाठी अमेरिकेच्या साखर उद्योगाने ६,५०० डॉलर मोजले होते. लेखात त्याचा उल्लेख नव्हता. २०१६ साली जुनी कागदपत्रं हाती आली तेव्हा ही गोष्ट उघड झाली.

महाराष्ट्रात साखरेबद्दल बोलणं अवघड जातं, कारण १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या सहकारी कारखान्यापासून कितीतरी गावांची शाळा, दवाखाना, रस्ता उसाच्या पैशावर झाला. ते ऋण खरं आहे. पण देशात वर्षाला सुमारे २८० लाख टन साखर खपते, म्हणजे तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकी रोज पन्नास ग्रॅमच्या वर. त्यातली निम्म्याहून अधिक घरच्या डब्यात येतच नाही. पेयं, बिस्किटं, मिठाई आणि आइस्क्रीम बनवणारे ती घेऊन जातात.

घरचा हिशेब करायला कागदसुद्धा लागत नाही. सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. दोन चमच्यांचे चार कप चहा झाले की ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशा वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा रोजच्या ऊर्जेच्या १० टक्के सांगितली, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम, आणि ५ टक्क्यांच्या आत राहिलात तर उत्तम असं म्हटलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये रोज २५ ग्रॅमच्या आतच राहायला सांगितलं. कोल्ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या एका बाटलीत तेवढी साखर असते, आणि ती जेवणासोबत दोन मिनिटांत संपते. टोमॅटो सॉसमध्ये, मारी बिस्किटांत, मुलांच्या दुधात ढवळायच्या चॉकलेटी पावडरीत ती असतेच, फक्त जिभेला तितकीशी जाणवत नाही.

ब्रिटनने २०१८ पासून पेयांवरचा कर साखरेच्या प्रमाणाशी जोडला, तेव्हा कंपन्यांनी कर टाळण्यासाठी आधीच साखर उतरवली. चिलीने २०१६ पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूवर काळा अष्टकोनी इशारा छापायला लावला. आपल्याकडे कोल्ड्रिंकवर ४० टक्के कर आहे, पण कमी साखर घालणाऱ्याला त्यात सवलत नाही. हा कर साखरेच्या ग्रॅमवर बसवायला हवा आणि इशारा पाकिटाच्या पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत, मराठीतही यायला हवा.

तोवर पाकीट उलटून मागची बारीक अक्षरं वाचण्यावाचून इलाज नाही. ‘अॅडेड शुगर’ची ओळ शोधा. तिच्यापुढची टक्केवारी नियमानुसार दिवसाला ५० ग्रॅम हे माप धरून काढलेली असते आणि बहुतेकदा एका लहानशा वाढपापुरतीच असते. म्हणून तिथे २० टक्के दिसले तर २५ ग्रॅमच्या मापाने ते ४० समजा, आणि पाकीट तुमच्या घरात एका बैठकीत संपत असेल तर त्यातल्या सगळ्या वाढपांची बेरीज करा. फ्रीजमधली गोड पेयाची बाटली या दिवाळीपासून बंद करा. लाडू खुशाल खा, चावून खा.